डिस्पुटेशियो (मध्ययुगीन विद्यापीठीय वाद)

डिस्पुटेशियो ही मध्ययुगीन यूरोपातील विद्यापीठांत तत्त्वज्ञान आणि ख्रिस्ती ईश्वरशास्त्र शिकविण्याची वादपद्धती होय. ठरवून दिलेल्या प्रश्नावर गुरूच्या अध्यक्षतेखाली शिष्यांनी साधकबाधक युक्तिवाद करावयाचे आणि अखेरीस गुरूने निर्णय द्यावयाचा, असे तिचे स्वरूप होते. बाराव्या व तेराव्या शतकांत पॅरिस येथे ती आकाराला आली आणि ऑक्सफर्डसारख्या इतर विद्यापीठांतही रूढ झाली.

तिची पूर्वपीठिका ग्रंथवाचनात आहे. बाराव्या शतकातील तत्त्वज्ञ पीटर ॲबेलार्डने ‘सिक एत नॉन’ (होय आणि नाही) या संग्रहात १५८ प्रश्न घेऊन प्रत्येकाखाली चर्चच्या आचार्यांची परस्परविरोधी वचने शेजारी शेजारी मांडली आणि त्यांचा मेळ घालण्याचे काम बुद्ध्याच वाचकावर सोपविले. पीटर लाँबर्डने (मृत्यू ११६०) तशाच वचनांची चार खंडांत सुसंगत रचना केली. हा ‘सेंटेन्सेस’ ग्रंथ पुढे सुमारे तीन शतके ईश्वरशास्त्राचे क्रमिक पुस्तक होता. मार्टिन ल्यूथरनेही १५०९ च्या सुमारास त्यावर व्याख्याने दिली होती. अध्यापनाचा अधिकार सहजासहजी मिळत नसे. पॅरिसच्या १२१५ च्या नियमांनुसार ईश्वरशास्त्र शिकविणाऱ्याचे वय किमान ३५ आणि त्याचे अध्ययन किमान आठ वर्षांचे असणे आवश्यक होते.

प्रत्यक्ष वादात आक्षेप घेणारे आणि त्यांना उत्तर देणारा अशी वाटणी असे. उत्तर देण्याची जबाबदारी सामान्यतः पदवीच्या मार्गावरील ज्येष्ठ शिष्यावर पडे. गुरू नंतरच्या बैठकीत विखुरलेले मुद्दे एकत्र करून स्वतःचा निर्णय मांडी आणि प्रत्येक आक्षेपाचे निरसन करी. ॲडव्हेंट (नाताळापूर्वीचे आठवडे) आणि लेंट (ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ) या पर्वकाळांत भरणाऱ्या ‘क्वॉडलिबेट’ सभेत तर कोणीही कोणत्याही विषयावर प्रश्न विचारू शके, त्यामुळे तेथे गुरूचीच खरी परीक्षा होई.

या पद्धतीचा ठसा तेराव्या शतकातील ईश्वरशास्त्रज्ञ टॉमस अक्वायनसच्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ (१२६५–७३, अपूर्ण) या ग्रंथावर स्पष्ट दिसतो, जरी तो ग्रंथ एखाद्या वादाचा वृत्तान्त नाही. त्यातील ‘ईश्वर आहे काय?’ हे प्रकरण पाहावे. आरंभीच ईश्वर नाही असे प्रतिपादन येते आणि त्याची दोन कारणे दिली जातात: एक, अनंत चांगुलपण खरोखर असते तर जगात दुष्टता उरली नसती, दोन, जगातील सर्व घडामोडींचा उलगडा निसर्ग आणि मानवी इच्छा यांवरून होत असेल, तर ईश्वर मानण्याची गरजच नाही. त्यानंतर बायबलमधील एक विरुद्ध वचन, मग ग्रंथकाराचे पाच प्रसिद्ध युक्तिवाद आणि शेवटी दोन्ही आक्षेपांना उत्तरे, असा क्रम आहे. मीमांसेतील अधिकरणाशी (विषय, संशय, पूर्वपक्ष व सिद्धान्त अशा क्रमाने केलेल्या चर्चेशी) परिचित असलेल्या वाचकाला ही रचना परकी वाटणार नाही, मात्र दोन्ही परंपरांत ऐतिहासिक संबंध असल्याचा पुरावा नाही. दुसरा आक्षेप इतका सफाईदार आहे की, आजचा निरीश्वरवादीही तो जवळजवळ त्याच शब्दांत मांडील. पूर्वपक्ष दुबळा मांडला तर निर्णयालाच किंमत उरत नाही, याची जाण या शिक्षणात मुरलेली होती. नवख्या वाचकांची एक नेहमीची चूकही येथेच होते: आरंभीची विधाने ग्रंथकाराची समजून उद्धृत केली जातात.

वादाच्या स्वातंत्र्याला मर्यादा होत्या. १२७२ मध्ये पॅरिसच्या कला विद्याशाखेने (जेथे तत्त्वज्ञान शिकविले जाई) आपल्या शिक्षकांना निव्वळ ईश्वरशास्त्रीय प्रश्नांत शिरण्यास मनाई केली. ७ मार्च १२७७ रोजी बिशप एत्येन तांपिए याने २१९ विधाने निषिद्ध ठरविली; त्यांतील बरीचशी ॲरिस्टॉटल आणि त्याच्या अरब भाष्यकारांच्या प्रभावातून आलेली होती.

प्रबोधनकाळातील मानवतावाद्यांनी या वादांची शब्दच्छल म्हणून यथेच्छ टर उडविली. उत्तरकालीन वादांतील काहींना ती लागू पडते, सर्वांना नाही; शिवाय टीकाकारांच्या काळातही ही पद्धत जिवंतच होती. इटालियन तत्त्वज्ञ पीको देल्ला मिरांदोलाने १४८६ मध्ये रोम येथे जाहीर वादासाठी ९०० सिद्धान्त प्रसिद्ध केले, पण पोप आठवा इनोसंट याने ती सभा होऊ दिली नाही. ल्यूथरचे १५१७ चे ९५ सिद्धान्तही वादाच्या आमंत्रणाच्याच साच्यातले आहेत. स्पेनमधील सालामांका विद्यापीठात ईश्वरशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को दे व्हितोरियाने लाँबर्डऐवजी अक्वायनसचा ग्रंथ शिकविण्यास घेतला आणि अमेरिकेतील मूलनिवासींच्या हक्कांचा प्रश्न १५३९ मध्ये याच शास्त्रीय रीतीने तपासला. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाबरोबर ही परंपरा गोव्यातही आली. १५५६ मध्ये तेथे आलेल्या छापखान्यातून प्रथम बाहेर पडलेला मजकूर म्हणजे सेंट पॉल कॉलेजातील जाहीर वादासाठीचे तत्त्वज्ञानविषयक सिद्धान्त होत.

आधुनिक अध्ययनाला अक्वायनसच्या अध्ययनाचा पुरस्कार करणाऱ्या पोप तेरावा लिओ याच्या १८७९ च्या परिपत्रकाने चालना मिळाली. फ्रेंच तत्त्वज्ञ एत्येन झिल्सॉनच्या पुढाकाराने १९२९ मध्ये टोराँटोत मध्ययुगीन अध्ययनाची संस्था उभी राहिली. अभ्यासकापुढील मुख्य अडचण साधनांची आहे. काही वाद श्रोत्याने उतरवून घेतलेल्या टिपणांतून, तर काही गुरूने नंतर स्वतः सुधारलेल्या संहितेतून हाती येतात, आणि दोहोंत पुष्कळदा तफावत असते. लॅटिन हस्तलिखितांतील शब्दसंक्षेप उलगडता येणे म्हणूनच या विषयाच्या प्रशिक्षणाचा भाग आहे. लिओच्या आदेशाने सुरू झालेली अक्वायनसच्या समग्र ग्रंथांची चिकित्सक आवृत्ती अद्याप पुरी झालेली नाही.