जाग वेगळी, जाणीव वेगळी

"डोळे उघडले, म्हणजे शुद्धीवर आला." अतिदक्षता विभागाच्या दारात हे वाक्य मी सव्वीस वर्षं ऐकलं. सोलापुरात परिचारिका म्हणून जिथं जिथं काम केलं, तिथं नातेवाईक हेच म्हणायचे आणि घाईत असलेले डॉक्टरही हेच म्हणायचे. घरचे लगेच सिद्धेश्वराला नारळ फोडून यायचे. आठ दिवसांनी तीच माणसं मला बाजूला घेऊन विचारायची, "अक्का, डोळे तर उघडे हायत की, मग ओळखत का नाही?"

ओळखत नाही, कारण उघडली ती जाग. जाणिवेचं अजून कुणालाच माहीत नसतं.

जाग म्हणजे काय ते सांगायला नको, ती रोज सकाळी येते आणि रात्री जाते. तिची कळ मेंदूच्या बुंध्याशी, ब्रेनस्टेममध्ये असते. १९४९ साली मोरुझ्झी आणि मॅगून या शास्त्रज्ञांनी भूल दिलेल्या मांजरांच्या त्या भागाला विजेचे हलके झटके दिले, तेव्हा मेंदूच्या लहरी जागेपणीच्या लहरींसारख्या झाल्या. जागेबद्दल एवढं पुरे.

जाणीव म्हणजे आत काहीतरी जाणवणं, तव्याचा चटका, सुनेचा आवाज, घशाची कोरड. ती जागेला बांधलेली नाही याचा पुरावा तुमच्याच उशाशी आहे. स्वप्नात तुम्ही गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत हरवता, छातीत धडधडतं, घाम फुटतो. जाग नाही, जाणीव मात्र पुरेपूर.

उलटंही होतं, आणि घरच्यांची फसगत तिथंच होते. मेंदूला जबर मार बसला तरी बुंधा शाबूत राहू शकतो. मग काही आठवड्यांनी माणूस कोमातून निघतो, डोळे उघडतो, रात्री मिटतो, जांभई देतो, दात खातो, कधी कण्हतो. आत काही जाणवतंय याचं मात्र एकही चिन्ह मिळत नाही. जेनेट आणि प्लम या दोन डॉक्टरांनी १९७२ मध्ये या अवस्थेला 'व्हेजिटेटिव्ह' हे नाव दिलं. त्यावरून 'भाजीपाला झालाय' असं म्हणणारी माणसं मी पाहिलीत. खाटेशेजारी उभं राहून म्हणतात. मला ते अजिबात सहन होत नाही.

आमच्याकडे हे यंत्रमागावरून लवकर समजतं. धोट्यातली सुताची कांडी संपली आणि माग थांबवला नाही, तर धोटा फिरतच राहतो, खटक खटक तेवढीच होते, पण कापड विणलं जात नाही. गल्लीतून जाणाऱ्याला विणणारा माग आणि रिकामा माग सारखेच ऐकू येतात.

घोळात भर घालतो तो 'शुद्ध' हा शब्द. जाग आणि जाणीव या दोन्हींना आपण त्या एकाच पिशवीत कोंबतो. शेजारच्या खाटेवरचे कानडी लोक 'एच्चर' म्हणतात, त्यातही जागेपण आणि शुद्ध एकत्रच. तेलुगूत 'तेलिवि' म्हणतात, तिथं तर शुद्धीत अक्कलही मिसळलेली. म्हणून केसपेपरवर 'शुद्धीवर' किंवा 'बेशुद्ध' लिहिणं मला पसंत नाही. काय दिसलं ते लिहा.

आकड्यांचंही तसंच. रुग्ण किती प्रतिसाद देतो ते मोजणाऱ्या १९७४ च्या ग्लासगो कोमा स्केलमध्ये डोळ्यांना १ ते ४, बोलण्याला १ ते ५ आणि हालचालीला १ ते ६ गुण असतात. कमीत कमी बेरीज ३, जास्तीत जास्त १५. "तीनाचे सहा झाले, दुप्पट सुधारणा!" असं सांगत लोक बाहेर पळतात. अहो, डोळे आपोआप उघडे राहू लागले तर एकाचे चार होतात आणि बेरीज तेवढ्यानंच सहावर जाते. फक्त बेरीज विचारू नका, तिन्ही आकडे वेगळे विचारा.

(मेंदूमृत हे आणखी निराळं. तिथं बुंधासुद्धा गेलेला असतो, श्वास यंत्राचा असतो आणि माणूस परत येत नाही. बातम्यांत त्यालाही कोमा म्हणतात, ती निव्वळ चूक आहे.)

आता जिथं मी स्वतः चुकले ते सांगते. जाणिवेचं चिन्ह दिसत नाही आणि जाणीव नाही, ही दोन वाक्यं एक नाहीत. पूर्व भागातले एक यंत्रमाग कामगार मेंदूतल्या रक्तस्रावानं दाखल होते. डोळे उघडे, नजर छताला. मी दर पाळीला हात हातात घेऊन मोठ्यानं सांगायची, "मामा, माझा हात दाबा." काही नाही. तीन दिवस मी लिहिलं, 'सूचना पाळत नाही'. चौथ्या दिवशी भेटीच्या वेळी त्यांची मुलगी आली. तिनं तोच हात धरला आणि कानाशी वाकून घरच्या तेलुगूत म्हणाली, "नान्ना, ना चेय्यि नोक्कु." म्हणजे, बाबा, माझा हात दाबा. दहा आकडे मोजून व्हावेत इतका वेळ गेला. मग सुताच्या घट्ट्यांचा तो अंगठा तिच्या बोटावर हळूहळू टेकला आणि दबला. पुन्हा सांगितलं, पुन्हा दबला. तिसऱ्यांदा नाही. मी मराठीत विचारून पाहिलं, हात तसाच पडून राहिला. बाजारात, कारखान्यात हा माणूस आयुष्यभर मराठी बोललेला. मी तीन दिवस माझ्या भाषेत हाका मारत होते, आणि ओ आली नाही म्हणून घरात कुणी नाही असं लिहीत होते.

काहींना तर अंगठाही हलवता येत नाही. २००६ मध्ये केंब्रिजला मेंदूचे संशोधक एड्रियन ओवेन यांनी तेवीस वर्षांच्या एका अपघातग्रस्त मुलीला, जिचं निदान व्हेजिटेटिव्ह असंच होतं, मेंदूच्या स्कॅनरमध्ये सांगितलं की टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर, मग घरातल्या खोल्यांतून फिर. धडधाकट माणसांच्या मेंदूत जे भाग उजळतात, तेच तिचेही उजळले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, सांगितलेलं काहीच करून न दाखवणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूत असा प्रतिसाद सापडला. म्हणजे चारातला एक. बाकी १८१ जणांत तो सापडला नाही, हेही घरच्यांना सांगावं लागतं, आणि मी सांगते. पण तो चौथा कोण हे खाटेजवळ उभं राहून ओळखता येत नाही. म्हणून उशाशी वाटणीच्या गप्पा मारणाऱ्यांना मी नेहमीच बाहेर काढलं.

'मी'पण ही आणखी तिसरी गोष्ट. तान्ह्याला टोचलं की दुखतं, आरशातलं मूल आपणच हे मात्र साधारण दीड वर्षाचं झाल्यावर कळतं. दुखायला 'मी' लागत नाही. तरी आरसा आमच्या कामी येतो. थोडी जाणीव असलेले रुग्ण दुसऱ्या वस्तूपेक्षा आरशातल्या आपल्या चेहऱ्यामागे नजर जास्त फिरवतात, हे २००८ मध्ये बेल्जियममधल्या लीएजच्या संशोधकांनी दाखवलं. त्यांनी स्वतःला ओळखलं का, ते त्यावरून ठरत नाही.

मामांच्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी घरचा छोटा आरसा आणायला सांगितलं. तिनं तो त्यांच्या डोळ्यांसमोरून डावीकडून उजवीकडे नेला, फार जोरात नेला. "सावकाश," मी म्हटलं, "आणि बोलत राहा, तेलुगूतच." केसपेपरवर तीन दिवसांच्या माझ्या ओळी तशाच ठेवल्या आणि खाली वेळ घालून लिहिलं: डोळे उघडे. मराठीत सांगितल्यावर हालचाल नाही. तेलुगूत सांगितल्यावर उजवा अंगठा दोनदा.