फॉकलंड युद्धापूर्वीचा अर्जेंटिना

२४ मार्च १९७६ रोजी अर्जेंटिनाच्या लष्कराने राष्ट्राध्यक्ष इसाबेल पेरॉन यांना हटवून सत्ता ताब्यात घेतली. जनरल व्हिडेला यांच्या लष्करी मंडळाने संसद बरखास्त केली, राजकीय पक्षांचे कामकाज थांबवले, संपांवर बंदी घातली. विरोधकांना रात्री घरातून उचलून नेत. मग पोलीस ठाणे असो वा न्यायालय, त्यांची नोंद कुठेच सापडत नसे. १९८४ मध्ये चौकशी आयोगाने अशा ८,९६१ बेपत्ता व्यक्तींची नोंद केली. मानवाधिकार संघटना ३०,००० हा आकडा धरतात.

या दहशतीत सुरुवातीच्या काळात उघड विरोध केला तो बेपत्ता झालेल्यांच्या आयांनी. एप्रिल १९७७ पासून बेपत्ता मुलांच्या आया राजधानी ब्वेनोस आइरेसमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोरच्या प्लासा दे मायो चौकात जमू लागल्या. घोळक्याने उभे राहायला मनाई होती, पोलीस ‘चालत राहा’ म्हणून दरडावत. म्हणून त्या चौकातल्या स्तंभाभोवती फेऱ्या घालू लागल्या. ओळख पटावी म्हणून डोक्याला पांढरे फडके, सुरुवातीला चक्क तान्ह्या बाळाच्या लंगोटाचे. त्यांच्यातील एक संस्थापक आसुसेना व्हिजाफ्लोर यांनाच डिसेंबर १९७७ मध्ये पळवून ठार करण्यात आले. तरी फेऱ्या थांबल्या नाहीत.

पुढे आर्थिक धोरणही कोसळले. १९८० मध्ये मोठ्या बँका बुडाल्या, १९८१ मध्ये महागाई १०० टक्क्यांच्या वर गेली, कारखाने बंद पडले. त्याच वर्षी प्रमुख पक्षांनी एकत्र येऊन निवडणुकांची मागणी केली. डिसेंबरमध्ये जनरल गाल्तिएरी राष्ट्राध्यक्ष झाले. ३० मार्च १९८२ रोजी साऊल उबाल्दिनी यांच्या कामगार महासंघाने ‘शांतता, भाकरी आणि काम’ या घोषणेखाली मोर्चे काढले. पोलिसांनी ते झोडपून काढले, शेकडोंना अटक केली. मेंदोसा शहरात गोळीबारात जखमी झालेला एक कामगार पुढे दगावला.

तीनच दिवसांनी, २ एप्रिलला, अर्जेंटिनाचे सैन्य ब्रिटनच्या ताब्यातील फॉकलंड बेटांवर (अर्जेंटिनात ‘माल्विनास’) उतरले. मोर्चाला घाबरून लष्कराने युद्ध पुकारले, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. बेटांवरील कारवाईची आखणी कित्येक आठवडे आधीच सुरू होती. मात्र डळमळलेल्या राजवटीला अशा विजयाची निकड होती, आणि ती निकड असंतोषातूनच आली होती. बेटांवरचा अर्जेंटिनाचा हक्क सर्वच पक्षांना मान्य असल्याने प्लासा दे मायो चौक जल्लोषाने भरला. पण त्या जल्लोषाचा अर्थ राजवटीला माफी असा नव्हता. ‘माल्विनास अर्जेंटिनाची, बेपत्ता माणसेही अर्जेंटिनाचीच’ असे फलक आयांनी त्याच दिवसांत धरले होते.