टोकेलाऊचं खोबरेल: अर्धीच गोष्ट

‘पॅसिफिकमधल्या टोकेलाऊ बेटांवरचे लोक भरपूर खोबरेल खातात, तरी त्यांना हृदयविकार नाही, म्हणून तुम्हीही चमचे भरून प्या,’ हा दावा वर्षानुवर्षं फिरतोय. तो ज्या अभ्यासावर बेतलाय, तो १९८१ साली प्रसिद्ध झाला. टोकेलाऊकरांना तेव्हा निम्म्याहून जास्त उष्मांक नारळातून मिळत आणि हृदयविकार खरंच कमी होता. पण ते बाटलीतलं तेल पीत नव्हते! ओलं खोबरं, नारळाचा घट्ट रस, सोबत मासे आणि नीरफणस. साखर फारच थोडी. शिवाय त्याच अभ्यासातल्या, पुकापुका या दुसऱ्या पॅसिफिक बेटावरच्या कमी नारळ खाणाऱ्या लोकांपेक्षा त्यांचं कोलेस्टेरॉल जास्त भरलं होतं. नेमकी हीच ओळ सगळे गाळतात, आणि मला राग येतो तो त्याचाच. कोलेस्टेरॉल वाढलेल्या माणसाने ती आधी वाचायला हवी.