बालकल्याण कर्मचाऱ्यांविरुद्ध तक्रार (बेळगाव सीमाभाग)

मुलांची काळजी आणि संरक्षण ज्यांच्यावर सोपवलेले असते, त्यांनी केलेली हयगय, अरेरावी, पैशांची मागणी, पक्षपात किंवा मुलाला दिलेला त्रास याविरुद्ध दाद मागण्याची पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या मराठी कुटुंबांना ती कर्नाटकाच्या यंत्रणेतून, म्हणजे बहुतांशी कन्नड कागदपत्रांतून पार पाडावी लागते.

‘बालकल्याण कर्मचारी’ असे एकच पद नाही. तक्रार भलत्याच टेबलावर पडते ती बहुधा यामुळेच. गावची अंगणवाडी महिला व बालविकास खात्याच्या सीडीपीओंकडे, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांकडे येते. जिल्हा बालसंरक्षण कक्ष त्याच खात्याचा, पण कार्यालय वेगळे. सरकारी बालगृहाला इकडे बालमंदिर म्हणतात. तिथे अधीक्षक आणि काळजीवाहक असतात. पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. या सगळ्यांहून निराळी असते ती, मूल कुठे ठेवायचे ते ठरवणारी बालकल्याण समिती, कन्नडमध्ये ‘मक्कळ कल्याण समिती’. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ नुसार तिच्यात अध्यक्ष आणि ४ सदस्य असतात, त्यांत किमान एक महिला. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. त्यामुळे तिचा आदेश सीडीपीओ फिरवू शकत नाहीत, आणि आमदारांच्या चिठ्ठीनेही तो फिरत नाही.

म्हणून आदेश आणि वागणूक या दोन गोष्टी सुरुवातीलाच वेगळ्या कराव्या लागतात. मूल घरी न पाठवता बालमंदिरात ठेवायचे, हा निर्णयच मान्य नसेल तर ती तक्रार नव्हे, ते अपील. याच अधिनियमाच्या कलम १०१ प्रमाणे ते ३० दिवसांच्या आत बाल न्यायालयात करायचे असते. पुढे पुनरीक्षणासाठी उच्च न्यायालय, बेळगावकरांसाठी त्याचे धारवाड खंडपीठ. पालनकुटुंब (मूल दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला देणे) आणि प्रायोजकत्व (मुलाच्या खर्चासाठी आर्थिक मदत) यांविषयीच्या निर्णयांचे अपील मात्र जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते. याउलट आईचे म्हणणे ऐकूनच घेतले नाही, अपमानास्पद बोलले, पैसे सुचवले, तारखेमागून तारीख दिली, ही समितीच्या कामकाजाविषयीची गाऱ्हाणी. ती कलम २७ (१०) खाली जिल्हाधिकाऱ्यांपुढे, लोकांच्या बोलीत ‘डीसीं’पुढे, मांडता येतात. २०२१ ची दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली, तेव्हापासून हे कलम अधिक स्पष्ट आहे: बाधित मूल किंवा त्याच्याशी संबंधित कोणीही तक्रार करू शकते, आणि दोन्ही बाजू ऐकून डीसींना योग्य तो आदेश द्यावा लागतो. अधिकाराचा दुरुपयोग झाल्याचे चौकशीत ठरले तर सदस्याला काढण्याचा अधिकार राज्य सरकारचा आहे.

या दोन वाटांची गल्लत कुटुंबाला फार महागात पडते. डीसी ऑफिसात अर्ज दिला, पोच मिळाली, आता मूल परत येईल, अशी समजूत होते आणि इकडे अपिलाचे ३० दिवस सरतात. डीसींकडचा अर्ज ती मुदत थांबवत नाही. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायालय तो माफ करू शकते, पण त्या भरवशावर राहू नये. आदेशाची प्रत हातात आली की सर्वांत आधी तिच्यावरची तारीख बघावी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्याची हेल्पलाइन १५१००.

मुलाला मारहाण, उपासमार किंवा छळ झाला असेल तर प्रश्न खात्याच्या शिस्तीपुरता राहत नाही. तो कलम ७५ खालचा गुन्हा आहे. असे कृत्य संस्थेत नोकरी करणाऱ्याने किंवा संस्था चालवणाऱ्याने केले तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तिथे आधी पोलीस किंवा मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. लाचेची तक्रार लोकायुक्तांकडे जाते. बेंगळुरूचा राज्य बालहक्क संरक्षण आयोग साक्षीदारांना बोलावून चौकशी करू शकतो; मात्र त्याचा निष्कर्ष शिफारस म्हणून सरकारकडे जातो.

सीमाभागात खरी अडचण भाषेची, आणि तिच्याबद्दल संकोच बाळगण्याचे कारण नाही. संविधानाचा अनुच्छेद ३५० प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क देतो. त्यामुळे मराठीत लिहिलेला अर्ज ‘कन्नडमध्ये आणा’ म्हणून परत करणे योग्य नाही. उत्तर मराठीतच येईल, अशी हमी मात्र हा अनुच्छेद देत नाही. म्हणून जाणती माणसे मराठी अर्जाला कन्नड भाषांतर जोडतात आणि दोन्हींवर आवक क्रमांक व शिक्का घेतात. ही माघार नाही, काम लवकर व्हावे म्हणून केलेली सोय आहे. त्याहून मोठा धोका जबाबाचा. कन्नडमध्ये लिहिलेल्या जबाबावर अर्थ न कळता सही झाली, तर तोच कागद पुढे आईविरुद्ध उभा राहतो. सहीआधी तो मराठीत वाचून दाखवायला सांगावे आणि तसे वाचून दाखवल्याची नोंद कागदावरच करून घ्यावी. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांसाठी दुभाषांची यादी जिल्हा बालसंरक्षण कक्षाने ठेवायची असते, ती मागावी.

सोयरिकी सीमेपलीकडच्या असतात. घर खानापुरात, आजोळ चंदगडला किंवा गडहिंग्लजला. मूल दुसऱ्या जिल्ह्यात सापडले तर कलम ९५ प्रमाणे, त्याच्या हिताचे असेल तेव्हा, मूळ जिल्ह्याच्या समितीशी विचारविनिमय करून त्याला तिकडे पाठवता येते. तक्रार मात्र कर्मचारी ज्या राज्याचा, त्या राज्यातच चालते. कोल्हापूरच्या बालगृहातल्या माणसाविरुद्ध बेळगावच्या डीसींना काही करता येत नाही.

अर्जात तारीख, ठिकाण, कोण काय बोलले आणि तेव्हा कोण हजर होते, एवढे नेमके असले की पुरते. मुलाचा फोटो, नाव किंवा शाळा लिहून ते व्हॉट्सॲपच्या गटांवर फिरवणे कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे, मग फिरवणारा सख्खा काका का असेना.

मुलाला स्वतःलाही तक्रार करता येते. बालगृहात मुलांसाठी सूचनापेटी असावी आणि तिची किल्ली अधीक्षकाकडे नव्हे, व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाकडे असावी, असा नियम आहे. भेटीला गेलेल्या आईने ती पेटी कुठे आहे ते पाहून यावे आणि मुलाला तिच्यात मराठीत लिहिले तरी चालते, हे सांगावे.