अठरा महिने, पण कोणते?

पुलाच्या निविदेत ‘कामाची मुदत : १८ महिने (पावसाळ्यासह)’ असं लिहिलेलं असतं. कंसातला शब्द वाचताना सहज निसटतो, पण पुलाचं गणित तिथेच अडतं. कार्यारंभ आदेश १ ऑक्टोबरला हाती आला तर या मुदतीत एकच पावसाळा पडतो. जून ते सप्टेंबर वगळले की नदीत उतरायला १४ महिने मिळतात. तोच आदेश १ एप्रिलला निघाला तर पावसाळे दोन आणि कामाचे महिने उरतात १०. त्यातलेही पहिले दोन यंत्रं आणण्यात, मजुरांची वसाहत उभारण्यात आणि नकाशे मंजूर करून घेण्यात जातात. म्हणजे पाया, खांब आणि वरचा स्लॅब, सगळं एकाच हंगामात बसवायचं. आणि आदेश नेमका एप्रिलच्या तोंडावर का निघतो, तर मार्चअखेरीची घाई सरकारी कचेऱ्यांत कशी असते हे वेगळं सांगायला नको.

आदेशाच्या आधी दोन मान्यता लागतात. प्रशासकीय मान्यता म्हणजे हा पूल हवा आणि इतका खर्च करायला हरकत नाही. तांत्रिक मान्यता म्हणजे संकल्पन आणि अंदाजपत्रक अभियांत्रिकीच्या कसोटीला उतरलं. पुलाची उंची ठरते ती पुराच्या पातळीवरून. ही पातळी नुसती आकडेमोडीने काढत नाहीत. काठावरच्या गावात जुन्या माणसांना विचारून देवळाच्या पायरीवर किंवा घराच्या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ती खूण लेव्हल या उंची मोजायच्या यंत्राने मोजतात आणि पाणलोटावरून काढलेल्या विसर्गाशी ताडून पाहतात. पूर ३०० ते ३,००० घनमीटर प्रतिसेकंद असेल, तर पूरपातळी आणि गर्डरचा (स्लॅब पेलणाऱ्या तुळईचा) तळ यांत किमान १.२ मीटर मोकळी जागा हवी. त्याहून मोठ्या पुराला १.५ मीटर.

या उंचीत इतर खात्यांचाही वाटा असतो. खालच्या अंगाला धरण असेल तर त्याचा फुगवटा (अडलेलं पाणी) कुठवर येतो हे जलसंपदा विभाग सांगतो. खाडीवर पूल असेल तर किनारा नियमन क्षेत्राची मंजुरी लागते आणि कांदळवन तोडायचं असेल तर मुंबई उच्च न्यायालयाची परवानगी. २०१६ च्या कायद्याने देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले. कोकणातल्या बऱ्याच खाड्या त्यांत आहेत. तिथे बोटीला किती उंच आणि किती रुंद वाट सोडायची, हे अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाकडून घ्यावं लागतं. समजा, एवढं झाल्यावर पूल एक मीटर उंच करायचा ठरला. चढ ३० मीटरला १ मीटर धरला तर जोडरस्ता दोन्ही बाजूंना ३०-३० मीटर लांबतो आणि तेवढी जमीन जास्त लागते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात प्राथमिक अधिसूचनेपासून घोषणेपर्यंत १२ महिने आणि घोषणेपासून निवाड्यापर्यंत (मोबदला ठरेपर्यंत) आणखी १२ महिने मुभा आहे. नदीत पूल उभा आणि दोन्ही टोकं हवेत, हे दृश्य बहुधा इथूनच जन्मतं.

हंगाम खरा खातो तो पाया. दख्खनच्या नद्यांत खडक फार खोल नसतो, म्हणून उघडा पाया, म्हणजे खड्डा खोदून थेट खडकावर बसवलेला, चालतो: कठीण खडकात किमान ०.६ मीटर, मऊ खडकात १.५ मीटर रुतवलेला. पण बेसॉल्ट फसवा असतो. खडक तपासायची बोअर एकाआड एक खांबाच्या जागी घेतलेली असली की मधल्या खांबाला खोदताना मुरूमच लागत राहतो, खडक दोन-तीन मीटर खाली सापडतो. मग खड्ड्याभोवती पाणी अडवणारा मातीचा बांध वाढवा, पंप रात्रंदिवस चालवा, बदललेला नकाशा पुन्हा मंजुरीला पाठवा. अशी दोन ठिकाणं निघाली की जानेवारी संपलाच.

म्हणून जाणता अभियंता ३१ मे पासून उलटा मोजतो. स्लॅबचं स्टेजिंग, म्हणजे काँक्रीट पक्कं होईपर्यंत त्याला पेलणारे टेकू, नदीच्या तळावर उभं असतं. पहिल्या पुराआधी ते निघालंच पाहिजे, नाहीतर पूर ते घेऊन जातो. काँक्रीटला ताकद यायची, स्लॅबमधल्या पोलादी केबल ताणायच्या, मग टेकू काढायचे, असं धरलं तर शेवटचा स्लॅब एप्रिलच्या मध्यापर्यंत ओतून व्हायला हवा.

महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि नवा ५ जून २०१७ ला खुला झाला, बांधकाम १६५ दिवसांचं. घाई होतीच, पण ते १६५ दिवस जवळजवळ पूर्ण कोरड्या हंगामात बसले, हेही विसरायला नको.

मुदत चुकली तर काय? करारात पाव मुदतीत पाव काम, अर्ध्यात अर्धं, पाऊण मुदतीत पाऊण, असा हिशेब असतो. एप्रिलमध्ये सुरू झालेल्या पुलाला तो जुळत नाही, कारण पहिली पाव मुदत तयारीत आणि पाण्याखाली जाते. मुदतवाढीचा अर्ज अडथळा आल्यापासून ३० दिवसांत लेखी द्यावा लागतो आणि त्याला आधार हिंड्रन्स रजिस्टरचा, म्हणजे कामातल्या अडथळ्यांच्या नोंदवहीचा. तिथे ‘पावसामुळे काम बंद’ एवढंच लिहिलं तर उपयोग नाही. पावसाळा कंसात आधीच मोजलेला आहे. ‘वरच्या धरणातून पाणी सोडलं, अमुक तारखेपासून खांब क्रमांक ३ चा खड्डा अमुक मीटर पाण्याखाली’ अशी सहीनिशी नोंद असेल, तरच दंडाविना मुदतवाढ मागता येते.