सनद कुणाला मिळते? वकील म्हणवून घेण्याची पात्रता, कागदपत्रे आणि नोंदणी

एलएल.बी.चा निकाल हातात पडला म्हणून कुणी वकील होत नाही. तोवर तुम्ही विधी पदवीधर असता. राज्याच्या बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या, नामावलीत नाव चढून सनद (नोंदणीचं प्रमाणपत्र) मिळाली, की मग नावाआधी ‘अ‍ॅड.’ लावायचा आणि दुसऱ्याचं वकीलपत्र घ्यायचा हक्क येतो. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २९ नुसार वकिली करू शकणारा वर्ग एकच आहे, तो म्हणजे नोंदणीकृत अधिवक्त्यांचा. स्वतःचा खटला मात्र कुणीही स्वतः चालवू शकतो. एखाद्या विशिष्ट प्रकरणात सनद नसलेल्या व्यक्तीला बाजू मांडू द्यायची परवानगीही न्यायालय देऊ शकतं. पण हक्क नसताना न्यायालयात वकिली केली, तर कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. आणि वकिली म्हणजे फक्त कोर्टात उभं राहणं नव्हे. कायदेशीर सल्ला देणं, मसुदे तयार करणं हेही त्यातच येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

पात्रतेच्या अटी कलम २४ मध्ये आहेत. अर्जदार भारताचा नागरिक असावा, वयाची २१ वर्षं पूर्ण झालेली असावीत आणि बार कौन्सिल ऑफ इंडिया या देशपातळीवरच्या संस्थेने मान्य केलेली विधी पदवी असावी. बारावीनंतरचा पाच वर्षांचा किंवा पदवीनंतरचा तीन वर्षांचा, दोन्ही अभ्यासक्रम चालतात. दूरशिक्षणाने घेतलेली विधी पदवी चालत नाही, त्यामुळे प्रवेश घेण्याआधीच कॉलेजची मान्यता तपासा. नैतिक अधःपतनाच्या (फसवणुकीसारख्या) गुन्ह्यात किंवा अस्पृश्यताविरोधी कायद्याखाली शिक्षा झालेल्यांना नोंदणी मिळत नाही. सुटकेनंतर दोन वर्षांनी ही अपात्रता संपते.

सर्वाधिक लोक अडतात ते नोकरीपाशी. पूर्णवेळ पगारी नोकरी करत असताना वकिली करता येत नाही. नोकरी सांभाळून संध्याकाळच्या वर्गांना बसून पदवी मिळवलेल्यांनी हे आधीच समजून घ्यायला हवं, कारण सनदेसाठी त्यांना नोकरी सोडावी लागते. दुसऱ्या व्यवसायाचंही तसंच. वैद्यकीय व्यवसाय चालू ठेवून सनद मागणाऱ्या एका डॉक्टरांना महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलने नकार दिला होता आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नकार कायम ठेवला. नोकरी लपवून अर्ज करू नका. महत्त्वाची माहिती दडवून मिळवलेली नोंदणी पुढे केव्हाही रद्द होऊ शकते.

महाराष्ट्रातल्या अर्जदारांनी अर्ज महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करायचा. अर्जासोबत साधारणपणे दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदवी आणि विधी अभ्यासक्रमाच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा, छायाचित्रं आणि प्रतिज्ञापत्र लागतं. शुल्कात सवलत हवी असेल तर जातीचं प्रमाणपत्र. लग्नानंतर नाव बदललं असेल, तर त्याचा पुरावा आधीच जोडा, कारण गुणपत्रिकेवर एक नाव आणि आधारवर दुसरं असलं की अर्ज हमखास रेंगाळतो. एखादा गुन्हा प्रलंबित असेल तर तोही नमूद करा.

आता शुल्क. कायद्यात ते स्पष्ट आहे: राज्य बार कौन्सिलला ६०० आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाला १५० असे एकूण ७५० रुपये. अनुसूचित जाती-जमातींसाठी १०० आणि २५, म्हणजे १२५ रुपये. मुद्रांक शुल्क लागू असेल तर ते वेगळं. तरीही वेगवेगळ्या नावांखाली अनेक राज्यांत हजारो रुपये घेतले जात होते. गरीब घरातल्या, पहिल्या पिढीच्या पदवीधराला व्यवसायाच्या उंबऱ्यावरच अडवणारी ही आकारणी अन्यायाची होती. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली: नोंदणीसाठी कायद्यात आहे त्याहून अधिक रक्कम घेता येणार नाही. त्यामुळे जास्त पैसे मागितले, तर कशासाठी ते लेखी विचारा.

सनद मिळाली तरी एक टप्पा उरतो. २००९-१० पासून पदवी घेतलेल्यांना अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. नोंदणी झाल्यावर त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. परीक्षा १०० बहुपर्यायी प्रश्नांची, उत्तीर्णतेला खुल्या आणि इतर मागास प्रवर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. उत्तीर्ण झाल्यावर व्यवसाय प्रमाणपत्र मिळतं. ही परीक्षा वैध असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला आहे.

अर्ज नामंजूर करायचा असेल, तर राज्य बार कौन्सिलला आधी बार कौन्सिल ऑफ इंडियाचं मत घ्यावं लागतं, तेही नकाराची कारणं लिहून. म्हणजे ‘तुमचं होणार नाही’ असं कुणी खिडकीवर तोंडी सांगितलं, तर तो निर्णय नसतो.

पक्षकारांनीही वकीलपत्रावर सही करण्याआधी सनदेचा क्रमांक बिनधास्त विचारावा. आपल्याकडे तो ‘महा’, मग क्रमांक आणि वर्ष अशा स्वरूपाचा असतो. शंका वाटली तर बार कौन्सिलकडे त्या क्रमांकाची खातरजमा करून घ्या.