५.३ टक्क्यांत न मावलेले फिलिपिनो कामगार

जून २०२५मध्ये फिलिपिन्सचा बेरोजगारी दर ३.७ टक्के होता. जुलैत तो एकदम ५.३ टक्क्यांवर गेला आणि ऑगस्टमध्ये पुन्हा ३.९वर उतरला. मथळ्यांत अर्थातच ५.३ हा आकडा गाजला. कारणही उघड होतं. त्या महिन्यात क्रिसिंग, दांते आणि एमोंग ही वादळं लागोपाठ आली, त्यात नैर्ऋत्य मोसमी पावसाची भर पडली. शेती आणि मासेमारी, दोन्ही कामं ठप्प झाली.

पण जुलैच्या सरकारी अहवालातच याहून मोठी गोष्ट होती आणि तिची चर्चा कमी झाली. काम असलेल्यांची संख्या महिन्याभरात सुमारे ५ कोटी ५ लाखांवरून ४ कोटी ६० लाखांवर आली, म्हणजे जवळपास ४४ लाखांनी घटली. बेरोजगार मात्र १९.५ लाखांवरून २५.९ लाखांपर्यंतच वाढले, म्हणजे साडेसहा लाखांच्या आत. मग मधले ३८ लाख कुठे गेले? निव्वळ हिशेबात ते श्रमशक्तीतूनच बाहेर पडले. बेरोजगारी दर काढताना बेरोजगार भागिले लोकसंख्या असा हिशेब नसतो. बेरोजगार भागिले श्रमशक्ती असा असतो. काम करणारे आणि काम नसलेले पण करू पाहणारे, एवढेच श्रमशक्तीत येतात. जो बाहेर पडला तो अंशातही नाही आणि छेदातही नाही.

हा हिशेब फिलिपीन स्टॅटिस्टिक्स अथॉरिटी ही सरकारी संस्था ठेवते. तिची लेबर फोर्स सर्व्हे ही पाहणी पूर्वी दर तीन महिन्यांनी व्हायची, फेब्रुवारी २०२१पासून ती दरमहा होते. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरात नमुना मोठा असतो. मधल्या महिन्यांत साधारण अकरा हजार घरांवर भागवलं जातं. त्यामुळे जून ते जुलै या उडीत वादळांचा हात मोठा असला, तरी थोडा वाटा नमुन्यातल्या चढउताराचाही असणार. एका महिन्याच्या आकड्यावरून सरकारची पाठ थोपटणं किंवा सरकारला झोडपणं, दोन्ही घाईचंच.

पाहणीत १५ वर्षांवरील प्रत्येकाला मागच्या सात दिवसांबद्दल विचारतात. त्या आठवड्यात एक तास जरी काम केलं असेल, तर माणूस ‘रोजगारात’. मग ते काम पगाराचं असो, स्वतःच्या धंद्याचं असो किंवा घरच्या शेतात, दुकानात बिनपगारी केलेलं असो. गल्लीतल्या सारी-सारी दुकानात, म्हणजे साबणाची पुडी आणि सुटी सिगारेट विकणाऱ्या घरगुती टपरीत, आईला हातभार लावणारी मुलगीही यात येते. ट्रायसिकल, म्हणजे मोटरसायकलला डबा जोडलेली रिक्षा, चालवणारा आठवड्यातून एकच दिवस रस्त्यावर उतरला, तरी तोही येतो.

एका तासाचा नियम ऐकला की लोकांना ही आकड्यांची लबाडी वाटते. तसं ते नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घालून दिलेली ही मोजपट्टी आहे. देशात झालेलं सगळं उत्पादन आणि ते करणारे सगळे हात यांचा मेळ बसावा, म्हणून तास इतका कमी ठेवला. भारताच्या पीएलएफएस या सरकारी श्रमशक्ती पाहणीतला साप्ताहिक निकषही असाच एका तासाचा आहे, आणि एप्रिल २०२५पासून आपल्याकडेही या निकषावर दरमहा आकडे येऊ लागले आहेत. मोजपट्टी बरोबरच आहे. घोटाळा होतो तो तिच्यावरून भलतंच वाचण्यात.

बेरोजगारीची फिलिपीन व्याख्या काही बाबतींत उदारही आहे. काम नाही, ते स्वीकारायची तयारी आहे, आणि शोधही चालू आहे, तो बेरोजगार, हे झालं नेहमीचं. पण शोध न घेणाऱ्यांपैकीही काहींना ती आत घेते. ‘काम मिळणारच नाही’ म्हणून थकलेला, आधीच्या अर्जाच्या उत्तराची वाट पाहणारा, तात्पुरता आजारी, जुन्या मालकाच्या बोलावण्याची वाट पाहणारा, हे सगळे त्यात आले. आणि ‘हवामान खराब होतं’ म्हणून न शोधणाराही! दरवर्षी वादळं झेलणाऱ्या देशाने व्याख्येतच हवामानाला जागा करून दिली आहे. तरीही वर सांगितलेले ३८ लाख निसटलेच.

‘कामाची तयारी’ ही अट मात्र नंतर आली. एप्रिल २००५पर्यंत ती नव्हती. २००४चा सरासरी बेरोजगारी दर ११.८ टक्के होता. नव्या व्याख्येने एप्रिल २००५चा आकडा आला ८.३. घसरणीतला बराच भाग नुसत्या व्याख्येचा. तेव्हा टीकाही भरपूर झाली. आजही कोणी ‘वीस वर्षांत बेरोजगारी इतकी घटली’ असा सलग आलेख काढला, तर २००५च्या त्या पायरीकडे बोट दाखवायला हवं.

आता या दराचा अर्थ काय, या प्रश्नाकडे येऊ. २०२४चा सरासरी दर ३.८ टक्के होता. इतका कमी दर अनेक श्रीमंत देशांनाही साधत नाही. मग फिलिपिन्स सुखी आहे का? उत्तर दडलंय ते बेरोजगार राहणं कोणाला परवडतं यात. नोकरी गेल्यावर तिथे सामाजिक सुरक्षा योजनेतून मिळतो तो भत्ता २०१८च्या कायद्याने सुरू झाला. तो जास्तीत जास्त दोन महिने, विमाकृत पगाराच्या निम्मा, आणि तोही ज्याची वर्गणी भरलेली आहे त्यालाच. मासळी विकणारीला किंवा गवंड्याच्या हाताखालच्या मजुराला तो कुठला मिळायला? त्यांनी उद्या काही ना काही केलं नाही तर चूल पेटत नाही. म्हणून फिलिपिन्सच्या बेरोजगारांत तरुण आणि शिकलेले जास्त भरतात. घरचा आधार असतो, मनासारख्या नोकरीसाठी थांबता येतं. मनिला महानगर आणि शेजारचा औद्योगिक कालाबारसोन हे देशातले सुस्थितीतले भाग, पण तिथला बेरोजगारी दर अनेकदा राष्ट्रीय सरासरीच्या वर असतो, हेही मग विचित्र वाटत नाही.

म्हणून माझ्या मते फिलिपिन्सबद्दल एकच आकडा पाहायचा, तर तो अर्धरोजगारीचा. काम आहे, पण आणखी तास हवेत, जोडकाम हवंय किंवा जास्त तासांची दुसरी नोकरी हवीय, असं जे सांगतात ते अर्धरोजगार. २०२४मध्ये काम असणाऱ्यांपैकी सरासरी ११.९ टक्के असे होते. म्हणजे बेरोजगारांच्या तिप्पट. जुलै २०२५च्या त्या वादळी महिन्यात हे प्रमाण १४.८ टक्क्यांवर गेलं. याच्या शेजारी दुसरी आकडेवारी ठेवावी: काम असणाऱ्यांपैकी साधारण ६० टक्क्यांहून थोडे अधिक पगारी, पाव भागाहून जास्त एकट्याने धंदा करणारे, आणि उरलेल्यांत मोठा गट घरच्याच कामात बिनपगारी राबणारा.

पगारी असणं म्हणजेही पक्कं असणं नाही. कायद्याने सहा महिने उमेदवारी झाली की कामगार कायम होतो, म्हणून पाचव्या महिन्यात करार संपवून नवी भरती करायची पद्धत मॉल आणि कारखान्यांत रुळली. तिथे तिला ‘एन्डो’ म्हणतात. ती रोखणारं विधेयक संसदेने मंजूर केलं, आणि एन्डो संपवण्याचं वचन देऊन निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते यांनीच जुलै २०१९मध्ये त्यावर नकाराधिकार वापरला.

कॉल सेंटरचा धंदा याला मोठा अपवाद. फोनवरच्या सेवेत २०१०च्या आसपास फिलिपिन्सने भारताला मागे टाकलं. पुण्या-मुंबईच्या रात्रपाळीतलं बरंच काम तेव्हा मनिला आणि सेबूकडे वळलं. २०२४मध्ये या क्षेत्रात १८ लाखांच्या आसपास लोक होते, पगारही बरे आहेत. पण पाच कोटींच्या श्रमशक्तीत ते चार टक्केही भरत नाहीत.

करोनाने या सगळ्या मोजमापाची परीक्षाच घेतली. एप्रिल २०२०मध्ये दर सुमारे १७.७ टक्क्यांवर पोचला, ७३ लाख बेरोजगार. तेव्हा काम असलेल्यांमध्येही ३८ टक्के असे होते की नोकरी कागदावर होती आणि त्या आठवड्यात ते कामावर गेलेच नव्हते. जुलैपर्यंत सरकारी दर १० टक्क्यांवर आला. त्याच जुलैत सोशल वेदर स्टेशन्स या खासगी संस्थेच्या पाहणीत १८ वर्षांवरील श्रमशक्तीपैकी ४५.५ टक्के लोक बेकार निघाले! दोघांपैकी कोणीही खोटं बोलत नव्हतं. ही खासगी संस्था ‘सध्या काम आहे का’ असं विचारते, एका तासाची कसोटी लावत नाही. टाळेबंदीत घरी बसलेल्या, पण नोकरी अजून गमावलेली नाही अशा माणसाने काय उत्तर द्यायचं, हे प्रश्न कसा विचारला त्यावर ठरतं.

आणि काही लोक कुठल्याच रकान्यात नाहीत. एक म्हणजे घर सांभाळणाऱ्या बायका. पुरुषांपैकी चारातले तीन श्रमशक्तीत आहेत, स्त्रियांपैकी निम्म्याहून थोड्याच जास्त. दुसरे परदेशी गेलेले. १९७४च्या कामगार संहितेपासून माणसं परदेशी पाठवणं हे तिथलं सरकारी धोरण झालं. २०२१च्या अखेरीस त्यासाठी वेगळं सरकारी खातंही उभं राहिलं. २०२३च्या पाहणीनुसार असे कामगार २१.६ लाख होते, त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया. बँकांतून येणारा त्यांचा पैसा २०२४मध्ये ३४ अब्ज डॉलरच्या पुढे गेला. जगाच्या जहाजांवर सर्वाधिक खलाशी फिलिपिनो आहेत. कोकणातल्या दर्यावर्दी घरांतली मुलं बोटीवर त्यांच्याच शेजारच्या केबिनमध्ये असतात.

हे परदेशी कामगार श्रमशक्तीच्या गणतीत धरत नाहीत. ते देशात असते तर दर किती असता, हा प्रश्न त्यामुळे कागदावर उठतच नाही. २०२०मध्ये तो उठला. त्या वर्षी सरकारने तीन लाखांहून अधिक फिलिपिनोंना मायदेशी परत आणलं. दुबईतल्या हॉटेलात वाढपी असलेला माणूस देशाच्या बेरोजगारी दरात तोवर कधीच नव्हता. आपल्या गावी परतून पुन्हा काम शोधू लागल्यावर पाहणीवाल्यांच्या दृष्टीने तो नवा बेरोजगार ठरला.